तारायानाला खिडकी नाही, हे ध्यानात घ्यावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विज्ञानकथेच्या सदराला जोडून ‘तारायानातील प्रवाशांसाठी आचारसंहिता’ या मथळ्याखाली बारा कलमे प्रसिद्ध झाली आहेत. दूरच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानासाठी लेखकाने योजलेला ‘तारायान’ हा शब्द मला फार आवडला. कलमे मात्र पटली नाहीत, आणि का पटली नाहीत हे दोन ओळींत सांगता येण्यासारखे नसल्यामुळे हे लांबलेले पत्र पाठवीत आहे. मी एस. टी.त वाहक म्हणून ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. विज्ञानकथांची गोडी मला मुक्कामाच्या गाड्यांनी लावली. रात्री कुठल्या तरी खेड्यात गाडी लावली की जेवणानंतर करण्यासारखे दुसरे काही नसे, आणि गाडीतल्या मिणमिणत्या दिव्याखाली जुने दिवाळी अंक वाचता वाचता मी मंगळापर्यंत कैकदा जाऊन आलो आहे. तेव्हा प्रवासी आणि अंतराळ या दोन्ही विषयांत, पहिल्यात अनुभवाने आणि दुसऱ्यात वाचनाने, मला थोडेफार बोलता येईल असे वाटते.

सहप्रवाशांशी सौजन्याने वागावे, यानात कचरा करू नये, यानचालकाशी बोलू नये, जागेवरून वाद घालू नये, तक्रार असल्यास प्रवास संपल्यावर लेखी द्यावी, अशी ती कलमे आहेत. ती वाचताना मला एस. टी.च्या आतल्या पत्र्यावर रंगवलेल्या सूचनाच पुन्हा वाचतो आहोत असे वाटले. सूचना चुकीच्या नाहीत. गाडी चुकीची आहे. आपल्याकडच्या प्रवासातले सगळे चांगले-वाईट वागणे दोन गोष्टींवर उभे असते. एक म्हणजे खिडकी आणि दुसरी म्हणजे थांबा. नको असलेली वस्तू खिडकीतून बाहेर जाते आणि नको असलेला माणूस थांब्यावर उतरून जातो. तारायानाला ही दोन्ही नाहीत, आणि ती नसली की शिष्टाचार हा सौजन्याचा विषय न राहता यंत्राचाच एक भाग होऊन बसतो, हे लेखकाच्या लक्षात आलेले दिसत नाही.

खिडकीचे महत्त्व कोणाला समजून घ्यायचे असेल, तर त्याने रत्नागिरीच्या गाडीने एकदा आंबा घाट उतरावा. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत गाडीत गप्पा चालू असतात. मग हळूहळू आवाज बंद होतात, कोणीतरी पिशवीतून लिंबू काढते, आणि पुढच्या बाकावरचा एखादा गृहस्थ काही न बोलता डोके खिडकीबाहेर काढतो. त्या क्षणी वाहकाने ओरडायचे असते ते त्या गृहस्थाला नव्हे, तर ‘मागच्यांनी खिडक्या लावून घ्या’ असे मागच्या चार बाकांना. नव्या वाहकाला हे पहिल्या फेरीत कळत नाही, दुसऱ्या फेरीत न सांगता कळते. अंतराळात गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना पहिले दोन-तीन दिवस असाच त्रास होतो; शरीर तरंगू लागले की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचे आणि डोळ्यांचे एकमत होत नाही. मोठमोठ्या वैमानिकांनाही तो चुकलेला नाही. तिथे खिडकी उघडत नाही, मागचे बाक म्हणून काही उरत नाही, आणि बाहेर पडलेला थेंब खाली न पडता तरंगत राहतो. म्हणून पिशवी प्रत्येकाने स्वतःजवळ, हात पोहोचेल तिथे बाळगणे, ती तोंडाशी घट्ट धरणे, आणि ज्याच्यावर वेळ आली त्याच्याकडे पाहून न हसणे, हे तारायानातले पहिले कलम असायला हवे होते. आपल्या बारा कलमांत त्याचा उल्लेखही नाही.

आता हवेचा विचार करू. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो आणि तो सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. गाडीत आपण हा हिशेब करीत नाही, कारण तो खिडकी करते. पृथ्वीभोवती साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २ नोव्हेंबर २००० पासून माणसे अखंड राहत आहेत आणि तिथे हा हिशेब यंत्रे करतात. त्यात एक गंमत अशी आहे की वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण वर आणि खाली असे काही नसतेच. त्यामुळे झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचून राहू शकतो; तो हलवायला पंख्याचा झोत सतत लागतो. आता आपल्या माणसांची एक सवय आठवावी. पंखा, जाळी, दांडी, काहीही दिसले की तिथे आपला ओला टॉवेल वाळत पडतो. मी स्वतः मुक्कामाच्या गाडीत घंटीच्या दोरीवर बनियन वाळत घातलेला आहे. तारायानात हवेच्या जाळीवर टॉवेल घालणारा प्रवासी पलीकडच्या झोपलेल्या माणसाच्या नाकावरच उशी ठेवीत असतो, आणि हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही. टॉवेल वाळवायला हरकत नाही. त्यातून उडालेली वाफ यंत्रे हवेतून गोळा करून पुन्हा पाणी करतात, म्हणजे यानाच्या दृष्टीने तो टॉवेलही एक लहानसा झराच आहे. फक्त तो वाळवायचा कुठे, हे पक्के ठरलेले असावे.

वासाबद्दल कोणी काही लिहीत नाही, बहुधा लाजेने. सुकट-बोंबलाची पिशवी टपावर ठेवायला सांगताना वाहकाला किती जिभेचा तोल सांभाळावा लागतो, हे मी सांगत बसत नाही. यानाला टप नसतो. नासाच्या व्हाइट सँड्स येथील केंद्रात यानात जाणाऱ्या वस्तू आधी स्वयंसेवकांकडून प्रत्यक्ष नाकाने हुंगवून घेतात आणि वासाला शून्य ते चार असे गुण देतात. मर्यादेपेक्षा जास्त गुण पडले तर ती वस्तू खालीच राहते. असे एक टेबल आपल्या स्थानकाच्या फलाटावर असावे असे मला नोकरीभर वाटत आले. प्रवाशांना आपल्या अत्तराचा आणि केसांच्या तेलाचा राग येईल. पण बंद डब्यात सुगंध आणि दुर्गंध यांच्यात फरक फक्त पहिल्या दिवसापुरताच असतो. उदबत्ती आणि निरांजनाचा प्रश्न याहून गंभीर आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये रशियाच्या ‘मीर’ स्थानकात प्राणवायू तयार करणाऱ्या एका नळकांड्याला आग लागली, तेव्हा आत सहा माणसे होती आणि धुराने समोरचे दिसेनासे झाले होते. तारायानात गणपती बसवावा की नाही, हा माझा विषय नाही. बसवला तर आरती ओवाळायच्या तबकात विजेचा दिवा असावा, आणि ‘आमच्याकडे परंपरा आहे’ हे कारण कोणी सांगू नये, एवढेच.

पाण्याविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण तारायान कसे असेल याची कल्पना मला कुठल्याही कथेने दिली नाही, ती ऑगस्ट २०१९ च्या महापुराने दिली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरले आणि आम्ही शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे चार कुटुंबांची मिळून सतरा माणसे, एक संडास आणि गच्चीवरची एक टाकी असे पाच दिवस काढले. वीज नव्हती, म्हणजे टाकीत जेवढे पाणी होते तेवढेच. चारी बाजूंना पाणीच पाणी आणि प्यायला मोजून मापून, ही स्थिती ज्याने पाहिली आहे त्याला यानाबाहेरचे अंतराळ वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना आग्रह करीत होते. ‘तुम्ही आधी घ्या, तुम्ही आधी घ्या’ चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गृहस्थांनी तोंड धुवायला तीन तांबे घेतले. कोणी काही बोलले नाही, पण त्यांचे तोंड धुऊन होईपर्यंत आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्याच घरातल्या एका आजींनी मग खडूचा तुकडा शोधला, पिंपावर एकाखाली एक पाच रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेपुढे वार लिहिला. त्या आजींनी सौजन्यावर एक शब्दही उच्चारला नाही. संध्याकाळी ज्या गृहस्थांनी तीन तांबे घेतले होते तेच पिंपापाशी वाकून, रेघ ओलांडली तर नाही ना, हे बॅटरीने बघत होते.

तारायानात ही खडूची रेघ प्रत्येकाला दिसेल अशी असायला हवी. अंतराळ स्थानकात माणशी दिवसाला पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागते आणि श्वास, घाम व लघवी यांतले धरून त्यातले ९८ टक्के पाणी परत मिळवण्यात २०२३ मध्ये यश आले. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की कृष्णेत आपल्या वरच्या गावांतून काय काय येते याची चौकशी त्यांनी कधी केली आहे का. पण उरलेल्या दोन टक्क्यांचा हिशेब करून पाहावा. आपल्या कथेतल्या यानात ५०० प्रवासी आहेत आणि ते साडेतीन वर्षांच्या प्रवासाला निघाले आहेत. दोन टक्के गळती धरली तर रोज साधारण ३८ लिटर, म्हणजे साडेतीन वर्षांत सुमारे ४९ हजार लिटर पाणी हरवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जी पहिली गाडी गेली, तिच्या एका टाकीडब्यात सुमारे ५० हजार लिटर पाणी होते आणि असे दहा डबे होते. ती गाडी सुटताना मी मिरज स्थानकाबाहेर लोकांच्या गर्दीत उभा होतो. त्यातला जवळजवळ एक अख्खा डबा आपल्या लेखकाचे प्रवासी केवळ सर्वोत्तम यंत्रणा असूनही गमावणार आहेत. नळ उघडा ठेवून दात घासणारा त्यात निघाला तर किती, हे लेखकाने सांगावे. ‘पाणी जपून वापरावे’ हे त्यांचे सातवे कलम या हिशेबाशिवाय कोणाच्याही डोक्यात शिरणार नाही, कारण तेच वाक्य आपल्या प्रत्येक नळावर लिहिलेले असते.

खाण्याच्या कलमात लेखकाने फक्त ‘ठरावीक वेळी भोजन करावे’ असे म्हटले आहे. यानात वजन आहे की नाही, हेच त्यांनी कलमांत कुठे स्पष्ट केलेले नाही, आणि भोजनाचा सगळा शिष्टाचार तर त्यावरच ठरतो. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या ‘जेमिनी ३’ या यानात अंतराळवीर जॉन यंग यांनी खिशातून लपवून एक सँडविच नेले आणि आपले सहकारी गस ग्रिसम यांना दिले. एक-दोन घासांतच त्याचे कण तरंगू लागले, म्हणून ते गुंडाळून ठेवावे लागले. उड्डाण पाच तासांहून कमी वेळाचे होते, पण त्या सँडविचची चौकशी अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेली. पुढे १९८५ मध्ये मेक्सिकोचे अंतराळवीर रोदोल्फो नेरी वेला यांनी आपल्या देशातल्या तोर्तिया सोबत नेल्या, आणि तेव्हापासून अंतराळात पावाची जागा या पोळीसारख्या प्रकाराने घेतली, कारण तिचा चुरा होत नाही. मीठसुद्धा तिथे पाण्यात विरघळवलेले असते. भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला जून २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात पोहोचले, तेव्हा त्यांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. तिन्ही पदार्थ चमच्याला चिकटून राहणारे आहेत, हे ज्याने निवडले त्याला दाद दिली पाहिजे.

आता यावरून सांगलीकराला काय लागू होते ते पाहा. पोळी चालेल. भाकरी चालणार नाही, निदान दुसऱ्या दिवशीची तर नाहीच. आणि भडंग? सांगलीचा माणूस प्रवासाला निघाला आणि त्याच्या पिशवीत भडंगाचा पुडा नाही, असे मी ३१ वर्षांत फारसे पाहिलेले नाही. कुरमुरा वजनाने हलका, त्याला तेल-तिखट लावलेले, सोबत लसणाच्या पाकळ्या आणि शेंगदाणे. तारायानात पुडा फोडला की पहिल्या मुठीनंतर तो पुडेवाल्याचा राहिला नाही, सगळ्या डब्याचा झाला. तिखट डोळ्यांत, कुरमुरे हवेच्या जाळीत आणि शेंगदाण्याचे साल नेमके यानचालकाच्या पडद्यावर.

यावर कोणी म्हणेल की कथेतले यान सतत वेग वाढवीत जाते, त्यामुळे आत पृथ्वीसारखेच वजन जाणवेल. हे बरोबर आहे. असे इंजिन आज अस्तित्वात नाही, पण कथेत ते मान्य करू. तसे असले तर भडंग खुशाल खावे. बसायचे, सांडायचे आणि झाडून घ्यायचे. मात्र ताऱ्यापाशी थांबायचे असेल तर अर्ध्या वाटेवर इंजिन बंद करून यानाचे तोंड फिरवावे लागते आणि उरलेली अर्धी वाट वेग कमी करण्यात घालवावी लागते. हे तोंड फिरवण्याचे जे काही तास असतील, तेवढा वेळ सगळे यान तरंगणार. पावणेदोन वर्षे जमिनीवर चालायची सवय झालेल्या ५०० माणसांनी त्या दिवशी झाकण न लावलेले डबे, बाकाखाली लोटलेला कचरा, गादीखाली सरकवलेली नखे, हे सगळे एकदम हवेत आलेले पाहायचे आहे. माझ्या मते तारायानाची आचारसंहिता मुख्यतः त्या एका दिवसासाठी लिहावी लागेल. आदल्या आठवड्यापासून झाडलोट, प्रत्येक झाकणाची तपासणी, पिशव्यांचे वाटप, आणि डबल बेल देण्याआधी वाहकाने शेवटच्या बाकापर्यंत एक फेरी. लेखकाने कथेत हा दिवस एका वाक्यात संपवला आहे.

जागा धरण्याविषयीचे कलम अनावश्यक आहे. रुमाल टाकून जागा धरणारा माणूस उभ्याने प्रवास करावा लागेल या भीतीने तसे करतो; जिथे उभा प्रवासीच घेत नाहीत तिथे रुमाल कोणी टाकणार नाही. ‘यंत्रांना हात लावू नये’ हे कलम ठीक आहे, पण त्याला पूर्वीचा दाखला जोडता आला असता. स्वतःच्या पैशाने अंतराळात गेलेले पहिले प्रवासी डेनिस टिटो हे एप्रिल २००१ मध्ये स्थानकात गेले, तेव्हा अमेरिकी भागात सोबतीशिवाय फिरणार नाही आणि हातून काही मोडले तर भरून देईन, असे त्यांच्याकडून आधी कबूल करून घेतले होते. काच फुटली तर दंड, हा नियम आमच्याकडेही होता. वसुली मात्र माझ्या आठवणीत एकदाच झाली.

सर्वांत चुकीचे कलम तक्रारीचे आहे. ‘तक्रार प्रवास संपल्यावर लेखी द्यावी’ हे तीन तासांच्या गाडीत चालते, कारण पेठ नाक्यावर भांडणारा माणूस आष्ट्याला उतरतो आणि सांगली येईपर्यंत बाकीचे त्याला विसरून जातात. साडेतीन वर्षे तक्रार खिशात ठेवून बसलेला माणूस समोरच्या बाकावर असणे, ही कल्पनाच मला भीतिदायक वाटते. १९७३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ या अंतराळ स्थानकावर गेलेले तीन अंतराळवीर ८४ दिवस वर राहिले. त्यांच्यावर कामाचा बोजा एवढा टाकला गेला की ते मागे पडत गेले आणि खालचे लोक त्यांना आणखी घाई करू लागले. पुढे लोकांनी त्याला ‘संप’ असे नाव दिले. संप म्हणजे काय हे एस. टी.च्या माणसाला शिकवावे लागत नाही, आणि तो संप नव्हता. ३० डिसेंबरला वरच्यांनी खालच्यांशी बसून मोकळेपणी बोलणे केले, विश्रांतीच्या वेळा ठरवून घेतल्या, आणि त्यानंतर काम सुरळीत झाले. २०१० ते २०११ मध्ये मॉस्कोत सहा जणांना मंगळप्रवासाची तालीम म्हणून ५२० दिवस बंद दालनांत ठेवले होते. त्या प्रयोगात त्यांचे खटके आपसांत उडाले त्यापेक्षा बाहेरून सूचना देणाऱ्यांशी जास्त उडाले. हे वाचल्यावर मला हसू आले. चालक आणि वाहक एका गाडीत बारा तास काढतात आणि दोघे मिळून रागावतात ते आगारात खुर्चीवर बसून वेळापत्रक लिहिणाऱ्यावर. तेव्हा तारायानात तक्रार त्याच दिवशी, तोंडी आणि समोरासमोर करता यावी, आणि ती ऐकून घेणारा माणूस यानातच असावा, खाली पृथ्वीवर नव्हे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे प्रकाशाला किंवा निरोपाला एका बाजूने सव्वाचार वर्षे लागतात. तिथून विचारलेल्या प्रश्नाला खालून उत्तर यायला साडेआठ वर्षे लागतील.

याच अंतरामुळे एक नाजूक गोष्ट उद्भवते, जिचा लेखकाने विचार करायला हवा होता. घरी कोणी वारले तर त्याची बातमी तिथे चार वर्षांनी पोहोचेल. आपल्याकडे दूरची बातमी कळली त्या दिवसापासून सुतक धरण्याची चाल आहे, ती इथे उपयोगी पडेल असे मला वाटते. ज्या घरात खाली वर्षश्राद्धेही होऊन गेली आहेत, त्याच घरातला एक माणूस वर आज रडत असेल, आणि शेजारच्या बाकावरच्यांनी ‘आता एवढ्या वर्षांनी काय’ असे म्हणू नये, हे आचारसंहितेत लिहिण्यासारखे आहे.

आणि शेवटी वयाचा प्रश्न. सांगलीच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला हिशेब मांडून दिला. यानाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ गेला की त्यातले घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा हळू चालते. पृथ्वीवर वस्तू ज्या दराने वेग घेत खाली पडते, त्याच दराने यान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवीत आणि पुढे कमी करीत गेले, तर प्रॉक्सिमापर्यंत पोहोचायला प्रवाशांच्या घड्याळात साडेतीन वर्षे आणि सांगलीच्या कॅलेंडरवर जवळजवळ सहा वर्षे लागतात. जाऊन लगेच परत आले तर प्रवाशाचे सात वर्षांपेक्षा थोडे जास्त वय वाढते आणि मागे राहिलेल्याचे पावणेबारा वर्षांनी. म्हणजे तीन वर्षांनी थोरला असलेला भाऊ परत येतो तेव्हा धाकट्यापेक्षा दीड वर्षाहून थोडा अधिक लहान झालेला असतो. दिवाळीला पाया कोणी कोणाच्या पडायचे? माझे मत असे आहे की नाते जन्माच्या क्रमाने ठरते, घड्याळाने नव्हे. थोरला तो थोरलाच. घरी यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली आणि माझ्या धाकट्या भावाने हे मत मान्य केलेले नाही.

घरात निभावून जाईल, पण तिकिटाचे काय? एस. टी.त पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धे आणि पुढे पूर्ण. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मी ज्या एका वाक्याशी झगडलो ते म्हणजे ‘अजून बारा पूर्ण नाहीत हो त्याला’. मिसरूड फुटलेल्या मुलाकडे बघत ते वाक्य ऐकून घेण्यात माझा जन्म गेला. आता समजा, चार वर्षांचे मूल आईबरोबर तारायानात चढले आणि तो प्रवास करून सांगलीच्या स्थानकावर परत आले. त्याच्या शरीराने अकरा वर्षे आणि थोडे महिने पाहिलेले आहेत. महापालिकेच्या जन्मदाखल्यावरून त्याला पंधरा पूर्ण होऊन सोळावे चालू आहे. आई शपथेवर म्हणते की बारा पूर्ण नाहीत, आणि माझ्या आयुष्यात प्रथमच ती खरे बोलते आहे. दाखला पाहिला तर पूर्ण तिकीट आणि मुलाकडे पाहिले तर अर्धे. मागे रांग खोळंबलेली आहे आणि पुढच्या नाक्यावर तपासनीस उभा आहे. त्या वाहकाने कोणते तिकीट फाडावे, एवढ्या एका मुद्द्यावर आपल्या लेखकमहाशयांनी पुढच्या रविवारच्या अंकात खुलासा करावा, ही विनंती.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त एस. टी. वाहक,
गावभाग, सांगली